साठ जणांची खिचडी आणि चुलीचं गणित

पाटणादेवीच्या डोंगरांजवळ, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका शेतात आमचं पहिलं हिवाळी शिबिर झालं. साठ मुलंमुली, आम्ही चार-पाच मोठी माणसं आणि रात्रीला खिचडी. हिशोब सोपा वाटला. घरी चौघांना डाळ-तांदूळ मिळून अर्धा किलो पुरतात. साठ म्हणजे पंधरापट, म्हणजे साडेसात किलो. पाच किलो तांदूळ, अडीच किलो तुरीची डाळ, पाणी घरच्याच मापानं तिप्पट. तीन दगड मांडले, भाड्यानं आणलेला सगळ्यात मोठा गंज चढवला आणि जाळ लावला.

दोन तासांनी झाकण काढलं तेव्हा एकाच गंजात तीन पदार्थ होते. तळाला बोटभर जाडीचा काळा थर, मधे लगदा, आणि वर दाताखाली कचकचणारी डाळ. करपल्याचा वास मात्र वरपासून खालपर्यंत सारखा. मुलांनी लोणचं-पापडाच्या जोरावर खाल्लं, उरलेली खिचडी झाकून ठेवली. त्या उरलेल्या खिचडीची गोष्ट पुढे सांगतो, कारण करपण्यापेक्षा ती जास्त गंभीर आहे.

चाळीसगावपासून अठरा-एक किलोमीटरवरची ही जागा गणिताच्या इतिहासात मोठी आहे. इथल्या पाटण गावात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याची नोंद करणारा शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा शिलालेख इथे आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्रैराशिक शिकवलं: एवढ्याला एवढं, तर तेवढ्याला किती? किराण्याची यादी आपण आजही त्याच रीतीनं करतो आणि ती बरोबर येते. डाळ, तांदूळ, मीठ, शेंगदाणे या सगळ्यांना त्रैराशिक लागू पडतं. उष्णतेला पडत नाही, आणि आमचा गंज तिथेच बिघडला.

त्याच ‘लीलावती’त गोलाचं गणितही आहे. गोलाच्या पृष्ठफळाला व्यासानं गुणा, सहानं भागा, घनफळ मिळतं. म्हणजेच घनफळ आणि पृष्ठफळ यांचं गुणोत्तर व्यासाबरोबर वाढत जातं. व्यास दुप्पट केला की पृष्ठभाग चौपट होतो, पण पोटातला माल आठपट. एवढं एक वाक्य हाताशी असलं तर मोठ्या स्वयंपाकातली निम्मी संकटं आधीच दिसतात. उष्णता आत शिरते पृष्ठभागातून आणि तापवायचं असतं ते घनफळ.

आता आमच्या गंजाचा हिशोब. घरच्या पातेल्यापेक्षा माल पंधरापट. गंजाचा आकार तसाच ठेवून तो मोठा केला, तर तळाचं क्षेत्रफळ सहापटच होतं. जाळ कितीही चांगला असो, दर लिटरमागे मिळणारी धग घरच्यापेक्षा निम्म्याहूनही कमी. बावीस लिटर पाणी आणि साडेसात किलो धान्य हिवाळ्यातल्या वीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ८,००० किलोज्यूल उष्णता लागते. वाळक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १६,००० किलोज्यूल असतात, तेव्हा अर्धा किलो लाकूड पुरायला हवं. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यातली दहा ते पंधरा टक्केच उष्णता भांड्यात जाते. बाकीची वाऱ्याबरोबर, धुराबरोबर आणि शेकत बसलेल्या पोरांच्या अंगावर. म्हणून नुसती उकळी यायलाच चार किलोच्या वर लाकूड जळतं. तेच काम गॅसवर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम गॅसमध्ये होतं.

आपल्याकडे जेवणावळीला चुलांगण खणतात, त्याचं कारण हेच. लांबट चर, वाऱ्याच्या दिशेला तोंड, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती आणि वर ओळीनं भांडी. जाळ बाजूला पळत नाही, तळाखालीच राहतो आणि जमीन तापली की ती खालून धग परत देते. लाकडं ओली असतील तर मात्र चुलांगणही हतबल होतं. लाकडातलं एक लिटर पाणी वाफ होऊन जायला २,२६० किलोज्यूल लागतात आणि ते जाळातूनच कापले जातात. धूर होतो तो त्यामुळेच: आग थंड पडते, लाकडातले वायू पुरते जळत नाहीत आणि ते डोळ्यांत येतात.

हाच २,२६० चा आकडा झाकणाचं महत्त्वही सांगतो. एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. ते उकळून वाफ करायला त्याच्या जवळपास पावणेसातपट. पातेलं रटरटा उकळत ठेवलं की बघणाऱ्याला काम जोरात चाललंय असं वाटतं. पण पाण्याचं तापमान हलक्या उकळीला जेवढं असतं तेवढंच भडकलेल्या उकळीला असतं. डाळ तापमानावर शिजते, बुडबुड्यांवर नाही. उकळी आली की लाकडं मागे ओढायची, झाकण घट्ट ठेवायचं, इतकंच.

मग करपलं का? पातळ पाण्यात तळाचं गरम पाणी वर चढतं, वरचं थंड खाली येतं आणि सगळं आपोआप ढवळलं जातं. तांदळातलं स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंशांना फुगायला लागतं आणि खिचडी दाटते. दाटली की हे अभिसरण बंद पडतं. आता उष्णतेला कणाकणातून वर सरकावं लागतं आणि खिचडी त्या बाबतीत फार वाईट वाहक आहे. वर धग पोचत नाही म्हणून आपण जाळ वाढवतो, आणि वाढवलेला जाळ तळाच्या थराला जाळतो. आम्ही नेमकं तेच केलं. दाटायच्या आधी जाळ मोठा, दाटल्यावर नुसते निखारे आणि सराटा तळापर्यंत, हा क्रम जुने आचारी सांगतात. त्यामागचं पदार्थविज्ञान इतकं साधं आहे. स्टीलच्या पातळ गंजापेक्षा जाड बुडाचं पितळी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं बरं, कारण हे धातू स्टीलपेक्षा उष्णता कितीतरी पटींनी चांगली पसरवतात. जाळाच्या जिभेवरचा एकच ठिपका तापत नाही. पितळेला कल्हई हवीच.

वरची डाळ कच्ची राहण्यात पाण्याचाही हात होता. शेताच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, दुसऱ्या दिवशी बोअरकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्या पाण्यात डाळ शिजत नाही भाऊ, पाणी जड आहे.” खानदेशाचा मोठा भाग काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे आणि त्याच्या भेगांतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. शिजताना तो विरघळतो, डाळ मोडते. कॅल्शियम त्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं आणि डाळ तासभर उकळूनही अंग सोडत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले तरी असंच होतं, कारण आंबट पाण्यात पेक्टिन टिकून राहतं. आंबट नेहमी डाळ मोडल्यावर. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला की डाळ लवकर गळते हे खरं, पण डाळीतलं ब-१ जीवनसत्त्वही त्यात नष्ट होतं. वाढत्या मुलांच्या जेवणात मी तो घालत नाही. पाणी आधी खळखळून उकळायचं, निवळू द्यायचं, तळाला बसलेला पांढरा साका मागे ठेवून वरचं पाणी घ्यायचं. जडपणाचा एक मोठा हिस्सा त्या साक्यात जातो. आणि डाळ दुपारीच भिजत घालायची.

तोरणमाळला शिबिर नेणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. साताऱ्या-पुण्याकडचे लोक खानदेश म्हटलं की ऊन आणि केळी एवढंच धरून चालतात, पण सातपुड्यातलं तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो, म्हणजे तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. चार अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण शिजण्याची क्रिया ढोबळमानानं दर दहा अंशांना निम्मी होते हे धरलं, तर वेळ तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. तिथे तुरीऐवजी मुगाची डाळ न्यावी.

आता त्या झाकून ठेवलेल्या खिचडीकडे येतो.

रात्री जवळपास निम्मा गंज उरला. थंडी कडाक्याची होती, शेकोटीपासून दहा पावलं दूर गेलं की दात वाजत होते. आम्हाला वाटलं, बाहेर एवढा गारठा आहे, हा नैसर्गिक फ्रीजच. गंज शेडमध्ये झाकून ठेवला. सकाळी तीच खिचडी फोडणी देऊन मुलांना नाश्त्याला द्यायची म्हणून डाव आत खुपसला, तर मधली खिचडी अजून कोमट होती. तेव्हा तिचं आम्हाला कौतुकच वाटलं. दुपार व्हायच्या आत काही मुलांना उलट्या सुरू झाल्या. मीठ-साखरेचं पाणी पाजत, तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेत तो दिवस गेला. सगळी बरी झाली, पण ती दुपार मी विसरलेलो नाही.

तांदूळ, रात्रभराचा कोमटपणा आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या ही बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूची ओळखीची खूण आहे. हा मातीत राहतो, शेतातून धान्याबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. खिचडी शिजते तेव्हा बाकीचे जिवाणू मरतात, हे बीजाणू तग धरतात. अन्न साठ अंशांच्या खाली उतरलं की ते जागे होतात आणि कोमट, ओलसर, स्टार्चनं भरलेल्या गंजात वाढू लागतात. वाढताना ते जे विष सोडतात ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणून सकाळची कडकडीत फोडणी आणि पुन्हा गरम करणं यांनी जिवाणू मरतील, विष मरत नाही. “गरम करून खाल्लं तर काही होत नाही” हा आपल्या घरोघरचा समज इथे साफ चुकतो. डाळी-भाज्यांच्या आणि मटणाच्या मोठ्या भांड्यांत याचा एक भाऊबंद असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याला हवा नकोच असते आणि ४५ अंशांच्या आसपास तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. गंजाचा मध्यभाग म्हणजे त्याच्यासाठी तयार घर.

बाहेर गारठा असताना मध्य कोमट का राहिला, याचं उत्तर पुन्हा गोलाच्या सूत्रात आहे. उष्णता आत शिरायला जसा पृष्ठभाग कमी पडतो तसाच बाहेर पडायलाही. दाट पदार्थात तर जाडी दुप्पट झाली की निवायला लागणारा वेळ चौपट होतो, कारण उष्णतेचा प्रवास जाडीच्या वर्गाप्रमाणे लांबतो. तीस सेंटिमीटर उंच खिचडीऐवजी तीच खिचडी परातींमध्ये पाच सेंटिमीटर थरात पसरली तर हिशोबानं छत्तीसपट लवकर निवते. प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही, कारण वरच्या हवेलाही उष्णता वाहून न्यायला वेळ लागतो. पण रात्रभर आणि तासाभर एवढा फरक नक्की पडतो. अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक असा, की शिजलेलं अन्न दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे. फ्रीज नसलेल्या शेतात पाच अंश कुठून आणायचे? त्यामुळे आमचा नियम आता एकच आहे: शिबिरात अन्न रात्रभर ठेवायचं नाही. उरलंच तर गरम असतानाच जवळच्या वस्तीवर जातं आणि तिथे लगेच खाल्लं जातं. मे महिन्यात, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तर दुपारचं अन्न संध्याकाळपर्यंतही ठेवू नये.

हात धुण्याबद्दल थोडंच सांगतो, पण ते गाळण्यासारखं नाही. साठ जणांच्या कणकेत एकाच्या बोटाची चिघळलेली जखम पुरेशी असते. साबण आणि वाहतं पाणी. नुसतं सॅनिटायझर बीजाणूंवर चालत नाही. आणि ताकात, कांद्यावर, लिंबू-सरबतात जातं ते पाणी उकळलेलंच हवं, कारण खिचडी उकळते, ताक उकळत नाही.

दुसऱ्या वर्षी जिजींनी बेत त्यांच्या हातात घेतला. पहिल्या रात्री भरीत, दुसऱ्या रात्री वरण-बट्टी. मला आधी वाटलं, हे घरचं कौतुक आहे, गर्दीला झेपणार नाही. पण चुलीसमोर बसून पाहिलं आणि उलगडत गेलं की खानदेशातल्या शेतांवर हिवाळ्यात हेच दोन पदार्थ पन्नास-शंभर माणसांसाठी का होतात. माणसं वाढली की खिचडीचं भांडं मोठं होतं. भरताचं वांगं मोठं होत नाही, वांग्यांची संख्या वाढते. एक वांगं भाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच साठ वांग्यांना लागतो, आर, म्हणजे निखाऱ्यांचा थर, तेवढा लांब पसरलेला असला की झालं. पृष्ठभाग आणि घनफळ यांचं गुणोत्तर बदलत नाही. भास्कराचार्यांचं त्रैराशिक इथे जाळालाही लागू पडतं.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढुरक्या रेघा, बिया कमी, साल पातळ. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि त्याची साल हेच त्याचं भांडं. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ सालीला कित्येकशे अंश तापवतो, साल कोळसा होते. पण आत पाणी आहे तोवर गर शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आपल्याच वाफेत शिजतो. टोचे मारले नाहीत तर ती वाफ कोंडून वांगं फुटतं. काड्यांतलं लिग्निन जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं सुटतात, धुराचा तो खमंग वास त्यांचाच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो येत नाही, कारण गॅसमध्ये लिग्निन नाही. मग बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचून, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. माणशी तीनशे ग्रॅम वांगी धरली, अठरा किलो आणली, ती संपली.

बट्टीच्या दिवशी मुलांनी कणकेचे गोळे वळायला घेतले. रवाळ गहू, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. उत्साहात गोळे संत्र्याएवढे झाले. जिजींनी परात परत पाठवली: “लिंबाएवढे करा रे. हे आतून कच्चे राहतील.” त्यांनी ‘वर्ग’ हा शब्द वापरला नाही, पण सांगितलं तेच. गोळ्याचा व्यास दुप्पट केला की मध्यापर्यंत धग पोचायला चौपट वेळ लागतो. लिंबाएवढी बट्टी अर्ध्या तासात होत असेल, तर संत्र्याएवढीला दोन तास लागतील आणि तोवर वरचं कवच कोळसा झालेलं असेल. गोवऱ्यांची निवडही उगाच नाही. लाकडासारखी त्यांची मोठी ज्वाला उठत नाही, मंद, सारखा आर पडतो. बट्ट्या त्यात मांडून वर गरम राख ओढली की राख उष्णतेला अडवत, हळूहळू आत सोडते. बाहेरचा पापुद्रा १४० अंशांच्या वर जाऊन तांबूस, खरपूस होतो आणि आतला गोळा शंभराच्या आसपास शिजत राहतो. पन्नास बट्ट्या की दोनशे, हे फक्त आर किती लांब पसरला यावर ठरतं.

खिचडी मात्र मुलांनी सोडू दिली नाही. कच्च्या तेलाची धार, भाजलेला पापड आणि कढी यांच्यासोबतची आपली खिचडी शिबिरात नसणं त्यांना मान्य नव्हतं. तेव्हा आम्ही गंज फोडला, म्हणजे एकाचे तीन केले. वीस-वीस जणांचे तीन गंज चुलांगणावर ओळीनं ठेवले की तळाचं क्षेत्रफळ घरच्याच्या सहापटीऐवजी जवळजवळ नऊपट होतं. पाणीही कमी केलं. धान्य पिऊन घेतं ते पाणी त्रैराशिकानं वाढतं, पण वाफ होऊन जातं ते उघड्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असतं. मोठ्या, झाकलेल्या भांड्यात ते प्रमाणानं कमी जातं. घरी तिप्पट घालत असाल तर इथे अडीचपटीच्या जरा वर पुरतं, आणि कढत आधण बाजूला तयार ठेवायचं. मीठ शिजलेल्या खिचडीच्या वजनाच्या एक टक्का, आधी त्यातलं पाऊण, मग चाखून.

आणि तिसऱ्या वर्षापासून मोठ्या गंजाचा तोच दोष आम्ही कामाला लावला. तो सावकाश निवतो ना, मग त्याला निवू न देता शिजवायचं. भिजलेली डाळ आणि तांदूळ उकळत्या आधणात सोडून झाकणासह पंधरा मिनिटं चांगली उकळी काढायची. मग गंज सरळ चुलीवरून उतरवायचा, फार दाट व्हायच्या आधीच. शेतात कडब्याच्या पेंढ्या असतात. त्यांची हातभर जाड गादी करून त्यात गंज बसवायचा, चारी बाजूंनी कडबा कोंबायचा, झाकणावर जाड गोधडी आणि वर पुन्हा कडबा. कडब्यात अडकून पडलेली हवा उष्णता सुटू देत नाही. तळाला जाळ नाही, त्यामुळे करपायला काही नाही. ढवळावं लागत नाही. लाकूड निम्म्याहून कमी लागतं. लहान पातेल्यात हे जमत नाही, ते लवकर निवतं. वीस जणांचा गंज मात्र आपल्या पोटातल्या उष्णतेवर शिजतो. निखाऱ्यापासून मात्र तो दहा पावलं लांब हवा, कडबा आहे तो.

पहिल्यांदा केलं तेव्हा कोणाचाच विश्वास नव्हता. दीड तास मुलं कडब्याच्या ढिगाभोवती घिरट्या घालत होती. उघडायच्या आधी प्रयोगशाळेतली तापमापी गोधडीच्या कडेनं आत घातली: ९० अंश. गोधडी काढली, झाकण उचललं, वाफेचा लोट वर गेला. सातवीतल्या एका मुलीनं डाव तळापर्यंत घातला, वर काढला, डाळीचा दाणा चिमटीत धरला. तो मोडला. तिनं पुन्हा तळ खरवडून पाहिला आणि ओरडून सांगितलं, “सर, खाली काहीच लागलेलं नाही!” तोवर बाकीच्यांनी केळीची पानं मांडायला घेतली होती.